डोकेदुखीवर इलाज शोधायला निघाले आणि ध्यानाचे आचार्य झाले : सत्यनारायण गोयंका गुरुजींचा प्रवास

पुणे : स्वारगेटच्या एसटी स्टँडवरून बाहेर पडलं की रिक्षावाले, पीएमपीच्या गाड्या आणि हॉर्न यांचा एकच गोंधळ असतो. तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, नेहरू स्टेडियमसमोर दादावाडीजवळ एक जागा अशी आहे, जिथं शिबिराला बसलेली माणसं दिवसेंदिवस एक शब्दही बोलत नाहीत. 'धम्मपुण्ण' असं या विपश्यना केंद्राचं नाव. दुसरं केंद्र आळंदीच्या पुढे, खेड तालुक्यातल्या मरकळ गावाजवळ आहे. त्याचं नाव 'धम्मानंद'. दोन्हीकडे शिबिर सुरू असलं की संध्याकाळी एकाच माणसाचं प्रवचन लागतं. तो माणूस २०१३ सालीच गेला. शिकवणं मात्र अजून त्यांच्याच आवाजात चालू आहे.

त्यांचं नाव सत्यनारायण गोयंका. शिबिर केलेली माणसं त्यांना 'गोयंका गुरुजी' म्हणतात. आपल्या भागातले अनेक शिक्षक, पोलीस, ग्रामसेवक इगतपुरीला किंवा मरकळला 'दहा दिवस बसून' आलेले असतात. पण ज्यांनी हे सगळं उभं केलं तो माणूस मूळचा कोण, कुठला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते ना साधू होते, ना भिक्खू. सहा मुलांचे बाप आणि पक्के व्यापारी होते.

मंडालेचा मारवाडी मुलगा

गोयंका यांचा जन्म जानेवारी १९२४ मध्ये ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आताच्या म्यानमारमधल्या, मंडाले शहरात झाला. आपल्याकडे मंडाले म्हटलं की लोकमान्य टिळकांचा तुरुंग आठवतो. तेच हे गाव. टिळक तिथून १९१४ साली सुटले आणि त्यानंतर दहा वर्षांनी गोयंकांचा जन्म झाला. त्यांचं घराणं मूळ राजस्थानातलं, मारवाडी. आजोबा व्यापारासाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात कडक सनातनी वातावरण, पूजापाठ, गीता, भजन. मुलगा अभ्यासात हुशार होता. पण तो धंद्यात शिरला. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या, तेव्हा लाखो भारतीयांसारखं हे कुटुंबही भारतात आलं. युद्ध संपल्यावर परत गेलं आणि नव्यानं व्यापार उभा केला.

तिशी गाठेपर्यंत गोयंका रंगूनमधल्या भारतीय समाजातलं मोठं नाव झाले. कारखाने, आयात-निर्यात, व्यापारी संघटनांची अध्यक्षपदं, शाळा-दवाखान्यांच्या समित्या. हिंदी साहित्य, नाटक, भाषण यांतही ते पुढे असत. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कमी दिसत नव्हतं.

फक्त डोकं दुखायचं. साधं नाही, अर्धशिशीचं. अर्धशिशी ज्याला आहे त्यालाच तो त्रास कळतो. उजेड नको, आवाज नको, ओकाऱ्या होतात. त्यांना हा झटका पुन्हा पुन्हा येई आणि वेदना थांबवण्यासाठी डॉक्टर मॉर्फिनचं इंजेक्शन देत. मॉर्फिन हे अफूपासून बनतं. पुढे डॉक्टरांनाच भीती वाटू लागली, की हा माणूस आता डोकेदुखीसाठी नाही तर मॉर्फिनसाठी इंजेक्शन मागेल. पैसा होता, म्हणून ते स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, जपान असे फिरून आले. मोठमोठ्या डॉक्टरांना दाखवलं, पण गुण आला नाही.

महालेखापाल साहेब आणि त्यांच्यामागचा शेतकरी

तेव्हा एका न्यायाधीश मित्रानं त्यांना ऊ बा खिन यांचं नाव सुचवलं. हे ऊ बा खिन म्हणजे सरकारी अधिकारी. ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ ला स्वतंत्र झाला आणि ते नव्या देशाचे पहिले महालेखापाल झाले. सरकारचा सगळा हिशेब तपासणारं हे खातं. पैसे खाऊ न देणारा साहेब म्हणून त्यांची ख्याती होती. ऑफिसातच त्यांनी ध्यानाची एक खोली केली होती. पुढे १९५२ साली रंगूनमध्ये त्यांनी ध्यानकेंद्र काढलं. नोकरीत असतानाच सुट्टीच्या दिवशी आणि ऑफिस सुटल्यावर ते शिकवत. लोक त्यांना 'सयाजी' म्हणत. त्या भाषेत त्याचा अर्थ आदरणीय गुरुजी.

आता गावाकडच्या वाचकानं इथं जरा थांबावं, कारण या परंपरेतला सगळ्यात वेगळा माणूस ऊ बा खिन नव्हे, त्यांचे गुरू आहेत. त्यांचे गुरू शेतकरी होते. नाव सया थेटजी. रंगून नदीच्या पलीकडे प्याव्बवेजी नावाच्या खेड्यात त्यांची भातशेती होती. १९०३ च्या सुमारास गावात पटकीची साथ आली. आपल्याकडेही त्या काळात पटकीनं वाड्या-वस्त्या ओस पडत, तसंच. त्या साथीत सया थेटजींची मुलं दगावली. पोटची पोरं डोळ्यांसमोर गेल्यावर त्यांचं घरात लक्ष लागेना. ते घर सोडून हिंडले, अनेक गुरूंकडे राहिले आणि शेवटी लेडी सयाडो या मोठ्या विद्वान भिक्खूंकडे शिकले. लेडी सयाडोंनी त्या काळात मोठी गोष्ट केली होती. भिक्खूंपुरती राहिलेली साधना त्यांनी संसारी लोकांसाठी उघडी केली. पुढे सया थेटजी गावी परतले आणि आपल्याच वाडीवर ध्यानाची जागा बांधून लोकांना शिकवू लागले. जानेवारी १९३७ मध्ये रंगूनचा एक हिशेबनीस कारकून नदी ओलांडून त्यांच्याकडे आला. तेच ऊ बा खिन.

म्हणजे भिक्खूकडून शेतकऱ्याकडे, शेतकऱ्याकडून सरकारी अधिकाऱ्याकडे, आणि तिथून मारवाडी व्यापाऱ्याकडे. आज मोबाईलवर 'माइंडफुलनेस' म्हणून जे विकलं जातं, त्यातला एक मोठा धागा भाताच्या खाचरातून गेलेला आहे.

पहिल्या भेटीत नकार

गोयंका ऊ बा खिन यांना भेटले आणि आपली डोकेदुखी सांगितली. साहेबांनी सरळ सांगितलं की तेवढ्यासाठी येणार असाल तर येऊ नका. ही साधना मनातला मळ काढण्यासाठी आहे. मन हलकं झालं तर डोकेदुखी आपोआप जाईलही, पण दुखणं बरं करायचं औषध म्हणून तिच्याकडे पाहणं म्हणजे तिची किंमत कमी करणं.

गोयंकांची अडचण आणखी एक होती. आपण सनातनी हिंदू, समाजाचे पुढारी. बुद्धाच्या वाटेनं गेलो तर आपला धर्म बाटेल काय, लोक काय म्हणतील? ही शंका आजही गावात येते. माळ घातलेला वारकरी विचारतो, आमच्या हरिपाठाचं काय? कुलदैवताचं काय? गोयंकांनीही असंच विचारलं होतं आणि त्यात काही महिने घालवले. ऊ बा खिन यांनी त्यांना विचारलं, की नीतीनं वागणं, मन एकाग्र करणं आणि मनाला शुद्ध करणारी समज वाढवणं, या तीन गोष्टींना तुमच्या धर्माचा विरोध आहे का? विरोध नव्हता. इथं एवढंच शिकवलं जाईल, असं त्यांनी सांगितलं.

१९५५ साली गोयंका पहिल्या दहा दिवसांच्या शिबिराला बसले. दुसऱ्या दिवशीच त्यांनी निघून जायचं ठरवलं होतं. शिबिरातल्या एका बाईंनी एक दिवस तरी आणखी थांबा म्हणून समजावलं आणि ते थांबले. ही आठवण ते स्वतः शिबिरात सांगत, कारण दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावंसं वाटणारे बरेच असतात. दहा दिवसांनी ते बाहेर पडले. पुढे मॉर्फिन सुटलं, अर्धशिशीचा त्रासही गेला. त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्याहून मोठा फरक रागात पडला. पूर्वी घरात आणि पेढीवर ते फार तापट होते.

यापुढची चौदा वर्षं त्यांनी ऊ बा खिन यांच्याजवळ शिकण्यात घालवली. त्या काळात एक मोठा घाव बसला. मार्च १९६२ मध्ये ब्रह्मदेशात जनरल ने विन यांनी सत्ता हातात घेतली. नंतरच्या दोन वर्षांत कारखाने, बँका, दुकानं सरकारजमा झाली. त्यात गोयंकांचे उद्योगही गेले. लाखो भारतीय हात हलवत भारतात परतले. अनेक घराण्यांनी हाय खाल्ली. गोयंका मात्र म्हणत, की धंदा गेला म्हणूनच ध्यानाला आणि अभ्यासाला वेळ मिळाला. कुणी म्हणेल, नंतर बोलायला काय जातंय. पण त्यांचं पुढचं आयुष्य पाहिलं तर हे बोलणं पोकळ वाटत नाही. पुन्हा भारतात आल्यावर त्यांनी कारखानदारीत जीव गुंतवला नाही.

मुंबईची धर्मशाळा, १९६९

त्यांचे आईवडील तोवर मुंबईत राहायला आले होते. आईला मज्जासंस्थेशी निगडित आजार होता आणि ध्यानानं तिला आराम पडेल असं गोयंकांना वाटत होतं. पण त्या वेळचं ब्रह्मी सरकार नागरिकांना सहसा पासपोर्ट देत नसे. आजारी आईचं कारण दाखवून १९६९ साली तो मिळाला. निघण्याआधी ऊ बा खिन यांनी त्यांना रीतसर आचार्य म्हणून नेमलं. गुरूची इच्छा फार जुनी होती. बुद्धाची ही विद्या भारतातून ब्रह्मदेशात आली, आपण तिचे ऋणी आहोत, ते ऋण परत फेडायचं. स्वतः भारतात येण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते रंगूनमध्येच वारले.

जुलै १९६९ मध्ये मुंबईतल्या पंचायती वाडी धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं. जेमतेम चौदा माणसं होती आणि त्यात आईवडील धरलेले. हॉल नाही, संस्था नाही, वर्गणी नाही. त्यानंतर गोयंका भारतातच राहिले. पुढची काही वर्षं ते रेल्वेनं देशभर फिरत राहिले. कुठं धर्मशाळा, कुठं शाळा, कुठं देऊळ, कुठं चर्च, कुठं मशीद, जागा मिळेल तिथं शिबिर घेतलं. हिंदीत शिकवत, परदेशी तरुण आले तर इंग्रजीत. राजस्थानीत आणि हिंदीत ते दोहेही रचत आणि शिबिरात ते गात.

१९७४ साली इगतपुरीजवळच्या डोंगरावर जागा घेतली गेली आणि १९७६ पासून 'धम्मगिरी' सुरू झालं. नाशिकहून मुंबईला जाताना घाटाच्या आधी डाव्या-उजव्या बाजूला ढगात बुडालेले डोंगर दिसतात, तो हा परिसर. आज तिथला सोनेरी पगोडा लांबून ओळखू येतो. आत लहान लहान एकेकट्या खोल्या आहेत. त्यांना शून्यागार म्हणतात. जुन्नर, कार्ले, भाजे इथली लेणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या खोल्या ओळखीच्या वाटतील. लेण्यांमध्येही डोंगरात कोरलेल्या तशाच एकेका भिक्खूच्या खोल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्याच्या डोंगरात भिक्खू राहत होते, ध्यान करत होते आणि आपल्याच भागातले सोनार, सुतार, धान्याचे व्यापारी त्यांना दान देत होते. त्याचे लेख दगडावर आहेत.

पुण्याला तर ही भाषाही नवी नव्हती. गोव्याच्या सांखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी घर सोडून श्रीलंका आणि ब्रह्मदेशात जाऊन आले, पाली शिकले, आणि १९१२ पासून काही वर्षं त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. बुद्धाचं मूळ शिकवण मराठी वाचकांपर्यंत आणणारे ते पहिले मोठे नाव. त्यांनी पुस्तकं दिली. गोयंकांनी बसायला शिकवलं.

१९७४-७५ च्या सुमारास पुण्यात दुसरीकडे काय चाललं होतं तेही पाहण्यासारखं आहे. १९७४ साली आचार्य रजनीश कोरेगाव पार्कात आले आणि भगव्या कपड्यातले परदेशी सगळ्या शहरात दिसू लागले. १९७५ साली बी. के. एस. अय्यंगार यांची योगसंस्था मॉडेल कॉलनीत सुरू झाली. या दोघांच्या मानानं गोयंकांचं नाव वर्तमानपत्रात फार कमी येई. तिथं वाद नव्हता, फोटो नव्हता, सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. माणसं डोळे मिटून बसलेली.

दहा दिवसांत नक्की काय शिकवतात

पहिले साडेतीन दिवस 'आनापान'. म्हणजे नाकातून येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. कमी-जास्त करायचा नाही, नामजप जोडायचा नाही, डोळ्यांसमोर मूर्ती आणायची नाही. ऐकायला सोपं, करायला कठीण. दोन श्वास पाहिले की मन बांधावरच्या भांडणात, कर्जाच्या हप्त्यात, नाहीतर जेवणाची घंटा कधी वाजेल यात जातं. परत आणायचं. चौथ्या दिवसापासून 'विपश्यना'. डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जे जे जाणवतं ते पाहत जायचं. खाज, मुंग्या, उष्णता, ठणका, हलकेपणा. चांगलं वाटलं तर हवंहवंसं करायचं नाही, दुखलं तर चिडायचं नाही. जे आलंय ते जाणार, एवढं ध्यानात ठेवायचं. पाली भाषेत त्याला 'अनिच्च' म्हणतात, म्हणजे अनित्य.

गोयंकांचं म्हणणं असं, की माणूस शिवी ऐकून चिडत नाही. शिवी कानावर पडल्यावर अंगात जी जाळ उठते तिच्यावर तो चिडतो. दारूचंही तसंच. तलफ ही बाटलीची नसते, अंगात उठणाऱ्या वळवळीची असते. ती वळवळ नुसती पाहता आली तर हात बाटलीकडे जाण्याआधी क्षणभर सवड मिळते. शेवटच्या दिवशी 'मैत्री' शिकवतात, सगळ्यांचं भलं चिंतणं.

नियम कडक आहेत. हिंसा, चोरी, खोटं, नशा आणि शरीरसंबंध दहा दिवस बंद. मौन, म्हणजे खुणाही नाहीत. पुरुष आणि महिला वेगळे. मोबाईल, वही, पेन, पुस्तक जमा. जेवण शाकाहारी. दुपारनंतर जेवण नाही. नव्या लोकांना संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ मिळतं. दिवसाला साधारण दहा तास बसायचं. ध्यानाच्या हॉलमध्ये मूर्ती नसते, फोटोला हार नसतो.

आणि फी नाही. राहणं-जेवणं धरून काहीच नाही. खर्च कसा चालतो? ज्यानं एक तरी पूर्ण शिबिर केलंय त्याच्याकडूनच दान घेतलं जातं, आणि तेही पुढच्या माणसासाठी. शिकवणारे सहायक आचार्य आणि स्वयंपाकघरात राबणारे सेवकही पगार घेत नाहीत. गोयंकांनी हा नियम शेवटपर्यंत पाळला. ध्यानाचं दुकान मांडून हजारो रुपये घेणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत, म्हणून हा मुद्दा छोटा समजू नये. फी लावली असती तर बिगारी काम करणारा माणूस आणि कारखानदार एका रांगेत ताट घेऊन उभे राहिले नसते.

तुरुंग, शाळा आणि परदेश

१९७५ साली जयपूरच्या तुरुंगात गोयंकांनी कैद्यांसाठी शिबिर घेतलं. पण नाव झालं ते दिल्लीच्या तिहारमुळे. किरण बेदी तिथं तुरुंग महानिरीक्षक होत्या. एप्रिल १९९४ मध्ये एक हजारांहून जास्त कैदी एकाच शिबिराला बसले आणि गोयंका स्वतः आत जाऊन शिकवत होते. त्यावर १९९७ साली माहितीपट निघाला आणि तो जगभर पाहिला गेला. पुढे महाराष्ट्रातल्या तुरुंगांतही शिबिरं झाली. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात अतिशय कडक बंदोबस्ताच्या एका तुरुंगात २००२ साली हेच शिबिर घेतलं गेलं.

शाळांचं तर अनेक पालकांना घरूनच माहीत आहे. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं 'मित्र उपक्रम' सुरू केला. त्यात मुलं वर्गात काही मिनिटं शांत बसून श्वास पाहतात. झेडपीच्या शाळेतला मुलगा घरी येऊन 'आज आनापान झालं' म्हणतो, ते हेच. शिक्षकांनी स्वतः आधी शिबिर करावं अशी त्यात अपेक्षा आहे. जिथं शिक्षक मनापासून करतात तिथं ते टिकतं. जिथं फक्त अहवालासाठी होतं तिथं मुलं एक डोळा उघडा ठेवून शेजाऱ्याला चिमटे काढतात.

परदेशातली गोष्ट वेगळ्याच वाटेनं गेली. १९७०-७१ च्या हिवाळ्यात बोधगयेला गोयंकांकडे शिकलेल्या अमेरिकन तरुणांत जोसेफ गोल्डस्टीन आणि शेरॉन साल्झबर्ग होते. त्यांनी पुढे आणखी साथीदारांबरोबर अमेरिकेत ध्यानसंस्था काढली. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेचा वर्ग सुरू केला. या सगळ्यातून 'माइंडफुलनेस' हा शब्द दवाखान्यात, कंपनीत आणि शेवटी मोबाईलच्या ॲपमध्ये आला. मूळ पाली शब्द 'सति', म्हणजे भान. 'सेपियन्स' लिहिणारे इस्रायलचे इतिहासकार युवाल नोआ हरारी हेही गोयंकांचे शिष्य. 'होमो डेअस' हे पुस्तक त्यांनी गोयंकांना अर्पण केलंय.

ऑगस्ट २००० मध्ये गोयंका संयुक्त राष्ट्रांमधल्या जागतिक धर्मपरिषदेत बोलले. फेब्रुवारी २००९ मध्ये मुंबईत गोराईला विश्व विपश्यना पगोड्याचं उद्घाटन तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. त्याच्या घुमटाला आत एकही खांब नाही. दगडात दगड अडकवून तो उभा केलाय आणि आत आठ हजार माणसं बसू शकतात. २०१२ साली पद्मभूषण मिळालं. २९ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत राहत्या घरी त्यांचं निधन झालं.

आक्षेपही आहेत

ही विद्या बुद्धाच्या काळापासून ब्रह्मदेशात जशीच्या तशी जपली गेली, असं गोयंका सांगत. इतिहासाचे अभ्यासक मात्र म्हणतात, की आज दिसतं ते रूप बरंचसं १९ व्या आणि २० व्या शतकात घडलंय, आणि लेडी सयाडोंसारख्यांचा त्यात मोठा वाटा आहे. शिकणाऱ्याला त्यानं फार फरक पडत नाही, पण दोन्ही बाजू माहीत असाव्यात.

महाराष्ट्रात मोठा वाद वेगळा आहे. १९५६ साली नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. त्या समाजातल्या असंख्य लोकांनी विपश्यना आपली मानली, केंद्रं उभारायला हात लावला. पण त्याच समाजातले काही विचारवंत आणि कार्यकर्ते म्हणतात, की अन्याय बाहेर आहे, गावकुसात आहे, आणि माणसाला डोळे मिटून आतच बघायला लावलं तर लढायचं कुणी? बाबासाहेबांचा बुद्ध समाज बदलणारा होता, असं त्यांचं म्हणणं. गोयंकांचं उत्तर, की मन बदलल्याशिवाय समाज बदलत नाही, आणि शांत मनाचा माणूस अन्यायाशी जास्त नीट लढतो. हा वाद मिटलेला नाही. तो खोटाही नाही.

तिसरा मुद्दा तब्येतीचा. दहा-दहा तास गप्प बसणं सगळ्यांना झेपत नाही. काहींना फार भीती वाटते, झोप उडते, जुने आघात वर येतात. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी येऊ नये, असं केंद्रंच सांगतात आणि अर्जात तसे प्रश्न विचारतात. तिथं खरं लिहावं. प्रवेश मिळावा म्हणून आजार लपवू नये, आणि चालू असलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. डोकेदुखी, मणक्याचं दुखणं किंवा दारू यावर हमखास इलाज म्हणून कुणाला जबरदस्तीनं पाठवणंही बरोबर नाही. ऊ बा खिन यांनी पहिल्याच भेटीत गोयंकांना परत पाठवलं होतं, हे आठवावं.

जायचं असेल तर

अर्ज विपश्यना संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर मोबाईलवरूनच भरता येतो. गर्दी असते, त्यामुळे काही महिने आधी भरलेला बरा. मे महिन्याच्या सुट्टीत जागा लवकर संपतात. नाव नोंदवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. अर्जाला पैसे लागत नाहीत. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी रजेची काय सोय आहे ते आपल्या कार्यालयात विचारावं.

शिबिर फुकट असलं तरी दहा दिवसांची हजेरी बुडते, गुरांच्या धारा कोण काढणार हा प्रश्न असतोच. घरच्या बायांना तर निघणं आणखी अवघड. म्हणून पेरणी-सुगी सोडून तारीख बघणारे बरेच असतात. अर्जात दिलेल्या पत्त्यावर शिबिराच्या आदल्या दिवशी नव्हे, ठरलेल्या दिवशी दुपारी पोचायचं असतं. मरकळला जायचं तर आळंदीहून पुढे मरकळ रस्ता धरायचा. सैल कपडे, अंघोळीचं सामान, पांघरूण, रोजची औषधं आणि ओळखपत्र जवळ ठेवावं. घरी केंद्राचा नंबर लिहून द्यावा, कारण संध्याकाळी मोबाईल जमा झाला की तो शेवटच्या दिवशीच हातात येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला घंटा होते.